भेंडाची माशी

माझ्या शिलाई मशीनच्या टेबलाला डाव्या कडेला एक छोटा लोखंडी शिकंजा बसवलेला आहे. ब्लाउज टाकायला येणारी प्रत्येक बाई आधी त्याच्याकडे बघते आणि मग विचारते, "हे काय गो नवीन?" मी म्हणते, "माशा बांधायचं." बाई हसते. तिला वाटतं, हिची नेहमीचीच थट्टा. आपल्याकडे गिऱ्हाईक नसलं की माणूस माशा मारत बसतो, बांधत कोणी बसत नाही. मी बांधते. आणि उगाच लाजायचं कशाला, चांगल्या बांधते. पोलादपुरात बसून बांधलेली माझी माशी हिमालयातल्या नदीवर ऐटीत तरंगते, बुडत नाही.

आधी माशी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुमचीही आमच्या जाऊबाईंसारखी गत व्हायची. हिमालयातल्या थंड नद्यांमध्ये ट्राउट नावाचा मासा असतो. मोठा चोखंदळ. पाण्यावर बसलेले किडे तो वर येऊन टिपतो. म्हणून त्याला धरणारे हौशी लोक गळाला गांडूळ लावत नाहीत. नखाएवढ्या गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून किड्याचं सोंग करतात आणि ते पाण्यावर सोडतात. त्याला म्हणतात ड्राय फ्लाय. ड्राय का, तर ती पाण्याच्या वर राहते, कोरडी. बुडली की तिचं काम संपलं.

हे सगळं मला शिकवलं एका पाहुण्यानं, आणि त्याला पाहुणा म्हणायलाही आमचे हे तयार नव्हते.

आमची एकच लेक. हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि नोकरी धरली ती थेट हिमाचलात, नदीकाठच्या एका लॉजमध्ये. "करू दे थोडे दिवस, थंडी वाजली की येईल परत," असं हेच म्हणाले होते. तिला काही थंडी बाधली नाही. गेल्या दिवाळीला ती यायची ती आली नाही, तिचा फोन आला. मला आधी, हे आमच्या घरचं ठरलेलंच. तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं म्हणाली. मी विचारलं, कोणाचा कोण, खातो काय, पितो काय. तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आई, बाबांना तू सांग."

सांगितलं. जेवायला वाढून सांगितलं, कारण पोटात काही पडत असलं की माणूस थोडं ऐकून घेतो, असा माझा अनुभव. आमचे हे आंबेनळी घाटात प्रवासी जीप चालवतात, पोलादपूर ते महाबळेश्वर. घाटात समोर बघून बघून मान ताठ झालेली, स्वभावही तसाच. भाकरी मोडता मोडता विचारलं, "करतो काय तो?"

"पाहुण्यांना नदीवर मासे धरायला नेतो. आणि हिवाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा घरी बसून माशा बांधतो."

"काय करतो?"

"माशा बांधतो."

"मारतो म्हण की गो सरळ!" आणि हसले. हसले म्हणून मला बरं वाटलं, तोवर ताट सरकवून उठलेसुद्धा. "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग! माशा मारणाऱ्याला पोर द्यायची माझी तयारी नाय. तिला करायचं तर करू दे. मी अक्षता टाकायला येणार नाय."

लेक बापाच्या वरताण. तिनं उलट निरोप धाडला, बाबा मांडवात नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही, आणि दुसऱ्या कोणासाठीही चढणार नाही. झालं! त्या दिवसापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. तिचा फोन आला की हे फडकं घेऊन अंगणात जायचे आणि माझं बोलणं संपेपर्यंत जीपची काच पुसत राहायचे. इतकी चकचकीत काच अख्ख्या घाटात कोणाच्या गाडीला नव्हती. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठीही रडू यायचं. पोरीचं सगळं सुख एका माणसाच्या एका 'हो'वर अडून बसलं होतं आणि तो माणूस काच पुसत होता.

त्यात जाऊबाईंनी भर घातली. त्या शेजारीच राहतात. मुलगा काय करतो असं त्यांनी विचारलं, तर मी शहाणी, लेकीनं सांगितलेला शब्द मराठीत करून सांगितला, "सुकी माशी." ड्राय म्हणजे सुकी, फ्लाय म्हणजे माशी, चुकलं कुठं? पण आमच्याकडच्या बाईच्या कानाला 'सुकी' म्हटल्यावर पुढे मासळीच ऐकू येणार. बघता बघता आळीभर झालं, की हिचा होणारा जावई सुक्या मासळीचा व्यापारी आहे. एक बाई ब्लाउजपीस घेऊन आली ती मापं द्यायच्या आधी विचारते, "तिकडचे सोडे कसे असतात गो? पावसाळ्यासाठी सांगून ठेवीन म्हणते." मी कपाळाला हात लावला. ह्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "तो धंदा असता तर निदान विचार तरी केला असता."

जानेवारीत तो मुलगा स्वतःच आला. लेकीनंच पाठवला होता, बाबांच्या समोर जाऊन बस म्हणून. तिला रजा नव्हती. महामार्गावर उतरला तेव्हा अंगात लोकरीचा जाडजूड कोट, आणि आमच्याकडे दुपारी पंखा लागतो. घामानं निथळत होता बिचारा. गोरा, काटकुळा, बोलायला मऊ. घरात आल्या आल्या वाकून माझ्या पाया पडला. ह्यांच्या पडायला गेला तर ह्यांनी पाय मागे घेतले आणि मला म्हणाले, "मला हिंदी येत नाय. तूच बोल काय ते."

काय ही थाप! घाटात परगावच्या लोकांशी फाडफाड हिंदी झोडणारा माणूस! मी तोंड उघडणार तोच ह्यांनी डोळे वटारले. बरं म्हटलं, राहा मुके.

पाहुण्याची सोय मशीनच्या खोलीत केली. चार दिवस राहणार होता, मग परतीची गाडी. तेवढ्यात ह्यांच्या तोंडून 'हो' निघालं तर निघालं, नाहीतर आला तसा जायचा आणि माझी लेक तिकडे तशीच बसायची. त्याला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि ह्यांनाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर सकाळी धड चहा न घेता जीप काढायचे आणि अंधार पडल्यावर उगवायचे.

बसून बसून करणार काय? पोरानं पिशवीतून शिकंजा काढला, मला विचारून टेबलाला बसवला, त्यात एवढासा गळ धरला आणि कामाला लागला. मी मशीन थांबवून बघत राहिले. गळाच्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे, मागे शेपटीला पिसाचे चार केसर म्हणजे तंतू, मध्ये पोट, आणि पुढे कोंबड्याच्या मानेचं पीस असं उभं फिरवायचं की त्याचे केसर चहूकडे ताठ उभे राहतात. त्या केसरांच्या टोकांवर माशी पाण्यावर टेकते. शेवटी गाठ, आणि दोरा कापला. मला हसूच आलं. जन्म गेला माझा ब्लाउजला हुक लावण्यात आणि गोंडे करण्यात.

"ये तो मैं भी करेगी," मी म्हटलं. लग्नानंतरची पहिली वर्षं आम्ही मुंबईत काढली, तेव्हाची माझी हिंदी आहे. ती कोणाला आवडो न आवडो, तिनं माझं काम कधी अडलं नाही.

बांधली. दिसायला त्याच्यापेक्षा देखणी, खरं सांगते. केसर भरपूर, वेढे घट्ट, गाठीवर गाठ. माझ्या हातची शिवण उसवत नाही असा माझा लौकिक आहे, तो मी इथेही राखला. अंगणातल्या बादलीत टाकली. तर मेली गेली की सरळ तळाला! थांबली नाही, वळून बघितलं नाही.

पोरगं ओठ दाबून हसत होतं. "आंटी जी, बहुत मज़बूत बाँधा है."

"मजबूत तो बांधनाच मंगता!"

"इतना मज़बूत डूब जाता है."

मला असा संताप आला! म्हटलं, कालचा पोर मला बांधायला शिकवतो! पण बादलीच्या तळाला माझी माशी बसलेली दिसत होती, तिच्याशी काय भांडणार? पुन्हा बसले. दोऱ्याचे वेढे कमी केले. केसर कमी घातले. मी हात आखडता घेते आणि मला आतून चोरी केल्यासारखं वाटतं. पाहुण्याला वाढताना आपला हात कसा सैल सुटतो, तसा तो शिवणातही सुटतो. इथे उलट. जेवढं कमी घालाल तेवढं ते वर राहतं. एकामागून एक बुडवत गेले, आणि दुपार कलायच्या आत एक माशी घटकाभर वर राहिली. मी इतक्या जोरात ओरडले की जाऊबाई धावत आल्या.

आल्याच आहेत तर त्यांनाही कामाला लावलं. त्यांच्याकडे एक म्हातारा कोंबडा होता, लाल, मानेवर सोनेरी झाक. अख्ख्या आळीतल्या पोरांच्या पोटऱ्या फोडलेला. पोरगं आल्यापासून त्या कोंबड्याकडे असं बघायचं, की त्याला दुसरी मुलगी दाखवली असती तर लक्ष गेलं नसतं. म्हाताऱ्या कोंबड्याच्या मानेची पिसं ताठ आणि चकचकीत, ती पाणी पीत नाहीत. जाऊबाई त्याला दुसऱ्या दिवशी, रविवारी, कापणारच होत्या. मी बजावलं, "त्याला उकळत्या पाण्यात बुचकळायच्या आधी मान मला सोलून द्या, हां!" आपल्याकडे कोंबडा कापला की आधी गरम पाण्यात घालतात, पिसं सुटावीत म्हणून. त्या पाण्यात सगळ्या पिसांचं मातेरं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "सुक्या मासळीला कोंबड्याची मान कशाला गो लागते?" तेव्हा त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्या जरा हिरमुसल्या. सुक्या कोळंबीची, सोड्यांची आशा त्यांनाही होती.

आता मला चळ लागला. पोरगं सांगत होतं, त्यांची नदी खळाळती, दगडांवरून आपटत येते. पिसांची माशी दोनचारदा वाहिली की भिजते आणि बुडते. पाहुणे कंटाळतात. पोटाला काहीतरी हलकं हवं. मी म्हटलं, थांब. कपाटातून ब्लाउजात घालायचे कप काढले, त्यांचा फोम कापला. पोरगं लाजून लालबुंद. मी म्हटलं, "शरमाता क्या है? कपडा है, बस." फोमची माशी देखणी झाली. पाण्यावर बसली, आणि बादलीतलं पाणी पिऊन पिऊन फुगली आणि बुडाली. मग माझ्या डोक्यातून निघालं खोबरेल तेल. केसाला तेल लावलं की पाणी थांबत नाही, मग पिसाला का थांबेल? पिसांच्या माशीला तेलाचं बोट लावलं. काय तरंगली म्हणता! संध्याकाळपर्यंत वर. मी कंबरेवर हात ठेवून बादलीजवळ उभीच होते, ह्यांची जीप यायची वाट बघत.

हे आले, बादलीत डोकावले आणि सरळ आत गेले. मला वाईट वाटलं, पण मी दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर टेबलावरची तेल लावलेली एक माशी गायब. पोराला विचारलं, त्यानं नाही घेतली. मी म्हटलं, उंदरानं नेली असेल, तेलाचा वास. संध्याकाळी ह्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्यासमोर टाकली. आत माझी माशी. पण कशी? केसर एकमेकांना चिकटून गोळा झालेले.

"रोज सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात कोण ठेवतं गो?" ह्यांनी विचारलं.

"मी ठेवते. गोठतं म्हणून."

"मग? वर महाबळेश्वरास सकाळी गोठून पांढरी पडली होती ही. त्यांच्या नदीत बर्फाचं पाणी येतं. तिकडं काय तरंगणार ही, तुझं कपाळ?" आणि दुसऱ्या खिशातून पिवळ्या मेणाचा खडा काढून ठेवला. वरच्या मध काढणाऱ्यांकडचं मेण. "दोऱ्याला हे घास. पोटालाबी लाव."

तोंडात बोट घालायचंच बाकी राहिलं होतं. म्हणजे हा माणूस पहाटे उठून, माशी चोरून, घाट चढवून, थंडीत ठेवून बघून आला! आणि वर तोंड कसं, तर एरंडेल प्यायल्यासारखं. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला काय करायचंय तिकडच्या नदीचं?"

"मला काय करायचंय? गाडीत माशी होती, बसली होती आपली," असं म्हणून आंघोळीला गेले. पोरगं माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी त्याला मेणाचा खडा दिला आणि कोणी दिला ते सांगितलं. तो खडा त्यानं कपाळाला लावला. 

तिसऱ्या दिवशी मी शिवणाला सुट्टी दिली आणि पोराला घेऊन सावित्री नदीवर गेले. जानेवारीत पाणी उतरलेलं असतं, पण आमच्या पुलाखालच्या कोंडीत, म्हणजे डोहात, भरपूर असतं, आणि वरच्या अंगाला थोडा खळाळही आहे. पोरगं खळाळात माशा सोडून बघत होतं. मेण लावलेली बरीच वेळ राहायची, पण दगडावरून पाणी पडलं की दबायची आणि वर यायचा कंटाळा करायची. दोघंही गुडघाभर पाण्यात, तोंडं पाडून. एवढ्यात पुलावर जीप थांबली. मधल्या वेळेची फेरी असणार. हे उतरले, कठड्याशी उभे राहिले, मग खाली आले. चपला काढल्या, पँट दुमडली आणि पाण्यात शिरले. पोराच्या हातातली माशी घेतली, बोटात चेपून बघितली, आणि काय झालं कोणास ठाऊक, माणूस स्वतःची थाप विसरला.

"ऐसे नहीं चलेगा," म्हणाले. "पेट में हवा चाहिए इसके. दबाया तो वापस ऊपर आना मंगता."

पोराचे डोळे हे एवढे झाले. "अंकल जी, आपको हिंदी आती है?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. मग मराठीत, माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "लहानपणी मी ह्याच कोंडीत गळ टाकून गरवायला यायचो. गळाच्या दोरीला भेंडाचा तुकडा बांधायचा. कितीबी दाबा, वर येणार म्हणजे येणार. ह्याच्या पोटात भेंड पाहिजे." आणि चपला हातात घेऊन, ओल्या पायांनी वर चढून गेले. जीपमधली माणसं खोळंबली होती.

"भेंड क्या होता है?" पोरानं विचारलं. मी सांगितलं, पाणथळीत एक झाड येतं, त्याच्या काठीच्या आतला पांढरा गाभा, पिसाहून हलका. आता आमच्याकडे ते झाड फारसं दिसत नाही. पुढचं सांगितलं नाही. भेंडाचं आपल्याकडे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नात नवरानवरीच्या कपाळाला बाशिंग बांधतात, ते भेंडाचं. हे त्या मुलाला सांगायला माझी जीभ रेटेना. ज्या घरात त्याला धड होकार नाही की नकार नाही, तिथे बाशिंगाचं नाव कशाला काढू?

चौथा दिवस उजाडला. संध्याकाळची गाडी. हे नेहमीसारखे पहाटेच गेले, पण जीप घाटाकडे न वळता खाली महाडच्या दिशेला गेली, हे मी खिडकीतून बघितलं. म्हटलं, गेले. पोरगं निघताना समोर नको म्हणून पळाले. असा राग आला, असा राग आला! दुपारपर्यंत मी तीन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या जोडल्या. लेकीचा फोन आला. "बाबा काय म्हणाले?" मी म्हटलं, "अजून वेळ आहे." ती म्हणाली, "आई, तुझा आवाज कळतो मला." आणि फोन ठेवला. पोरानं बॅग भरली होती. शिकंजा मात्र काढला नव्हता. म्हणाला, हा इथेच राहू दे, आंटी जी, तुमचा हात आता बसलाय.

जेवणं उरकल्यावर जीप आली. हे आत आले, काखेत कागदाची गुंडाळी. पोराच्या समोर टेबलावर ठेवली. आत पांढराशुभ्र भेंड, हातभर.

 पोरानं ब्लेडनं भाताच्या दाण्याएवढा तुकडा तासला, एका अंगानं चीर दिली, गळावर चढवला, मेण लावलं. मग माझ्याकडे सरकवला. "आप बाँधिए."

भेंडाची गंमत अशी की ते जरा आवळलं की चेपतं आणि चेपलं की मेलं. सैल ठेवलं तर निसटतं. मी दोरा फिरवला तो श्वास धरून. पहिल्या दिवशी ज्या हातानं मी माशी फासावर दिली होती, तोच हात, पण आता त्याला कळलं होतं किती धरायचं. पुढे जाऊबाईंच्या कोंबड्याचं सोनेरी पीस फिरवलं. एक गाठ, एकच. कापला दोरा.

बादलीत टाकली. बसली वर, ताठ मानेनं. ह्यांनी बोटानं तिला पार तळापर्यंत दाबली आणि बोट काढलं. टुपकन वर! पुन्हा दाबली. पुन्हा वर. हे मांडी घालून बादलीशी बसले आणि दाबतच राहिले, आणि ती मेली दर वेळी वर येत राहिली.

"एवढं भेंड मिळालं कुठं तुम्हाला?" मी विचारलं. "सुटं कोण विकतं?"

"नायच विकत." नजर बादलीत. "बाजारपेठेतल्या बाशिंगवाल्याकडं गेलो. म्हणाला, हल्ली सगळी थर्माकोलची नेतात. भेंडाची पाहिजे असतील तर जोडी सांगून ठेवा, मग उरलेलं भेंड देतो."

"मग?"

"मग काय? सांगितली."

माझ्या हातातली कात्री टेबलावर पडली. "कोणासाठी?"

"त्यानंबी हेच विचारलंन, कोणाचं लगीन. म्हटलं, पोरीचं. आता खोटं कशाला बोलू?"

मी स्टुलावर बसले ती बसलेच. पोराला मराठी कळत नव्हतं, तो एकदा माझ्याकडे आणि एकदा ह्यांच्याकडे बघत होता. ह्यांनी मान वर न करता म्हटलं, "रडतेस काय गो? गळ्यात टेप हाय ना? त्याच्या डोक्याचं माप घे. कळवायचं हाय खाली महाडला."

बाशिंगाला दोरे असतात, कुठल्याही कपाळाला बसतं, त्याला माप लागत नाही. हे त्यांनाही माहीत आणि मलाही. पण मी उठले आणि त्या मुलाच्या डोक्याभोवती टेप धरली. तो बिचारा मान खाली करून उभा. म्हणाला, "टोपी सिल रहे हो, आंटी जी?"  टेपवरचे आकडे दिसेनात.

मग ह्यांनी माझा फोन उचलला आणि स्वतः लावला. तिकडून "हां, आई" ऐकू आलं.

"आई नाय. मी हाय."

 दिवाळीपासून न बोललेला बाप. ह्यांनी एकदा खाकरून घसा साफ केला.

"तुझा माणूस इथं उभा हाय. बाशिंग म्हंजे काय ते त्याला कळत नाय, ते सांग त्याला." फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि ते डोक्याला बांधतात, गुडघ्याला नाय, हेबी सांग."

फोन त्यांनी मुलाच्या हातात दिला, खुंटीवरचं फडकं घेतलं आणि काच पुसायला अंगणात गेले.